लायसन हेवी, ड्रायव्हर लाईट : गाडीवाल्यांच्या विनोदांचा खुलासा

प्रश्न असा आला आहे : "बी.कॉम. झाल्यावर मी चाकणजवळच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात लागलो. ड्रायव्हरांची कागदपत्रं तपासायचं काम माझ्याकडं आहे. मी लायसन मागितलं की ही मंडळी एकमेकांकडं बघून हसतात. 'ह्याची एन.टी.ची व्हॅलिडिटी आहे', 'आपली बॅच जुनी', 'दहा किलो सरकारला सोडले' असं काहीबाही बोलतात. निम्मं मला कळत नाही. माझी चेष्टा चाललीय का? आणि लायसनवर नेमकं बघायचं काय?"

चेष्टा थोडी तुमची चालली आहे, जास्त त्या कार्डाची. मी आधी ट्रक चालवला, नंतर बरीच वर्षं हेवी गाडी शिकवली. एक सांगतो, तुम्हाला बघायचं आहे ते सगळं ह्या लोकांच्या विनोदांत आधीच येऊन गेलेलं आहे. ज्या शब्दावर ड्रायव्हर हसतो, तिथं कधीतरी कोणाचं तरी चलन फाटलेलं असतं किंवा विम्याचा क्लेम अडकलेला असतो. म्हणून तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकत्रच देतो.

सुरुवात "हेवी"पासून करू, कारण सगळी मंडळी तिथूनच सुरू होतात. नवा पोरगा कामाला आला की पहिला प्रश्न, "लायसन हेवी का?" पोरगा हडकुळा असला की मागून कोणीतरी उत्तर देतो, "लायसन हेवी, ड्रायव्हर लाईट." ह्याच चालीवर बायकोवरचेही विनोद आहेत, ते गुळगुळीत झालेत, सोडून देऊ. गंमत अशी की ज्या हेवीवर एवढं चालतं, तो लायसनचा प्रकार म्हणून कायद्यात उरलेलाच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सुरुवातीला मीडियम गुड्स, मीडियम पॅसेंजर, हेवी गुड्स, हेवी पॅसेंजर असे चार वेगळे वर्ग होते. १९९४ च्या दुरुस्तीनं ते चारही काढून त्यांच्या जागी एकच शब्द आला, "ट्रान्सपोर्ट व्हेइकल". हेवी गुड्स व्हेइकलची व्याख्या कायद्यात आजही आहे, बारा हजार किलोच्या वरची गाडी. पण ती गाडीची व्याख्या झाली. लायसन मात्र ट्रान्सपोर्टचं.

हे कागदावर झालं. कार्डावर पाहाल तर एकावर "ट्रान्स" असं अर्धवट छापलेलं, दुसऱ्यावर "एच.एम.व्ही.", तिसऱ्यावर "एच.जी.एम.व्ही.", परराज्यातल्या एखाद्यावर "एच.टी.व्ही.". चार ड्रायव्हर, चार कार्डं, चार छाप आणि चौघंही चौदा चाकी चालवणार. तुम्ही नवे आहात हे ओळखून ते मुद्दाम विचारतील, "साहेब, माझ्यावर नुसतं ट्रान्स आहे, हेवी नाही. गाडी अर्धीच चालवू का?" तेव्हा घाबरून त्याला गेटबाहेर काढू नका. ट्रान्सपोर्टची नोंद आहे का, एवढं परिवहनच्या साइटवर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकून पडताळा. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. झेरॉक्सवर काय वाट्टेल ते हेवी होतं.

आता एन.टी. हा विनोद महाराष्ट्राबाहेर चालणार नाही, इथं मात्र रोज चालतो. कार्डावर व्हॅलिडिटीच्या दोन तारखा असतात. एकीपुढे एन.टी., म्हणजे नॉन-ट्रान्सपोर्ट. दुसरीपुढे टी.आर., म्हणजे ट्रान्सपोर्ट. आपल्याकडे एन.टी. म्हटलं की माणसाला आधी भटक्या जमातीचा दाखला आठवतो, आणि व्हॅलिडिटी म्हटलं की जात पडताळणीचे हेलपाटे. त्यामुळे क्लीनर पोराला पहिलं लायसन मिळालं की वस्ताद त्याला सांगतो, "आर.टी.ओ.नं तुला एन.टी.त घातलंय बघ, व्हॅलिडिटीपण दिलीय. आता फी माफ." पाथर्डीकडच्या एका ड्रायव्हरनं माझ्यासमोर एका पोराला दिलेलं उत्तर ह्या सगळ्यावर कडी होतं. पोरगा म्हणाला, "वस्ताद, तुमचं एन.टी. का?" हा म्हणाला, "मी दाखल्यावर एन.टी., लायसनवर टी.आर. दोन्हीकडं रिन्यूअल मलाच करावं लागतं."

ह्या विनोदाखाली जे दडलंय ते तुमच्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं कलम आहे, म्हणून इथं जरा थांबू. १ सप्टेंबर २०१९ पासूनच्या नियमानं ट्रान्सपोर्टचं लायसन एका वेळी पाच वर्षांचं मिळतं. त्याआधी ते तीन वर्षांचं होतं. नॉन-ट्रान्सपोर्टचा हिशेब वयावर आहे. तिशीच्या आतल्याला चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नासच्या माणसाला दहा वर्षं, त्यापुढे कमी कमी होत जातं. १९९४ साली जन्मलेला ड्रायव्हर घ्या. त्यानं २०२१ मध्ये लायसन काढलं असेल तर त्याची एन.टी.ची तारीख असेल २०३४ ची आणि टी.आर.ची २०२६ ची. तो वरची मोठी तारीख वाचतो, खूश होतो, कार्ड सनव्हायझरच्या मागं खोचतो. तुमच्या आधी त्या खुर्चीवर बसणाऱ्यानंही तीच तारीख रजिस्टरला उतरवलेली असते. टी.आर. संपलं की साडेसात टनाच्या वरच्या ट्रकसाठी (ही रेघ पुढे येते) तो माणूस बिनलायसनचा. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन चालायचं, ती सवलतही २०१९ च्या दुरुस्तीत गेली. जुने ड्रायव्हर अजून "महिनाभर चालतंय" म्हणतात. नाही चालत.

रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. संपल्यावर एक वर्ष उलटू दिलं तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. बोर घाट रोज चढणारा माणूस पुन्हा टेस्ट ट्रॅकवर उभा राहिला की त्याला स्वतःचीच लाज वाटते आणि बाकीच्यांना महिनाभराचा विषय मिळतो. ट्रान्सपोर्टच्या लायसनला डॉक्टरचं सर्टिफिकेटही लागतं, फॉर्म वन-ए. त्यावरही ठरलेला संवाद आहे. "डॉक्टरनं डोळे तपासले का?" "तपासले ना. त्याचे मिटलेले होते." हसा, पण तुमच्या कंपनीत वर्षातून एकदा डोळे तपासायचं शिबिर घ्यायला मालकाला सांगा. चाळिशी लागलेली असते आणि चष्मा लावला तर गाडी काढून घेतील ह्या भीतीनं कोणी बोलत नाही.

"दहा किलो सरकारला सोडले" हा विनोद कळायला साडेसात टनाची रेघ कळायला हवी. लाईट मोटार व्हेइकल (एल.एम.व्ही.) म्हणजे ज्याचं ग्रॉस व्हेइकल वेट, गाडी अधिक माल अधिक माणसं मिळून, ७,५०० किलोच्या आत आहे असं मालवाहू वाहन किंवा बस. मोटारगाडी, ट्रॅक्टर आणि रोड रोलर ह्यांना मात्र रिकाम्या गाडीचं वजन धरतात. छोटा हत्ती (टाटा एस), पिकअप, टाटाची चारशे सात ही मंडळी ह्या रेघेच्या आत. आणि काही गाड्यांच्या आर.सी.वर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, आकडा दिसतो ७,४९०. कंपनीनं गाडी रेघेला नाक लावून उभी केलेली. म्हणून "दहा किलो सरकारला सोडले". ह्याला जोडून ठरलेला शेरा येतो, तो त्या गाडीवरच्या जाड ड्रायव्हरला : "तू बसू नको, तू बसलास की गाडी हेवी होते." तसं होत नाही, कारण तो आकडा कंपनीनं ठरवून पास करून घेतलेला असतो, त्यात ड्रायव्हर धरलेला असतो. बघायचा तो आर.सी.वरचाच आकडा. चाकं मोजून, लांबी बघून, "आयशर आहे म्हणजे लाईटच" असं म्हणून चालत नाही. आयशर नावाखाली लाईटपासून हेवीपर्यंत सगळं विकलं जातं.

ह्या रेघेवरून देशभरात वर्षानुवर्षं भांडण चाललं. माणसाकडे एल.एम.व्ही.चं लायसन, गाडी पिवळ्या नंबर प्लेटचा टेंपो, अपघात झाला की विमा कंपनी म्हणायची, ट्रान्सपोर्टची नोंद नाही, आम्ही बांधील नाही. कोर्टानं कंपनीला पीडिताचे पैसे भरायला लावले तरी ते मालकाकडून वसूल करायची मुभा द्यायची. ह्याला वकील "पे अँड रिकव्हर" म्हणतात. गाडीवाल्यांनी त्याचा अर्थ लावला, "पे कंपनीनं, रिकव्हर मालकाकडून, आणि मालक ते ड्रायव्हरच्या पगारातून." मुकुंद देवांगन खटल्यात २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की साडेसात टनाच्या आतल्या मालवाहू गाडीला एल.एम.व्ही.चं लायसन पुरतं. विमा कंपन्यांनी त्यावर पुन्हा शंका काढल्या, प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेलं, आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला बजाज अलियान्झ विरुद्ध रंभा देवी ह्या निकालात घटनापीठानं तेच कायम केलं. ट्रान्सपोर्टसाठीच्या जादा अटी साडेसात टनाच्या वरच्या गाड्यांना. धोकादायक मालाचे नियम मात्र तसेच वेगळे राहिले.

निकालाची बातमी मोबाइलवर आली त्या संध्याकाळी आमच्याकडच्या टपरीवर एक वाक्य फिरत होतं : "पाच जजांनी मिळून छोटा हत्ती उचलला." बातमी इतक्या कमी शब्दांत मी तरी कुठं वाचली नाही. तुमच्यासाठी अर्थ एवढाच, की पिकअपवाल्याकडे टी.आर.ची नोंद नाही म्हणून त्याला परत पाठवायची गरज नाही. त्याची एल.एम.व्ही.ची तारीख शिल्लक असली पाहिजे, हे वेगळं सांगायला नको.

पण एक गैरसमज ह्या निकालानंतर वाढलाय. काही पोरं म्हणतात, "आता ट्रान्सपोर्टचं लायसन लागतच नाही." लागतं. साडेसातच्या वर गेलात की लागतं, आणि त्यासाठी वय वीस पूर्ण हवं, शिवाय लर्निंग काढण्याआधी एल.एम.व्ही. हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं हवं. अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी "हेवी काढून द्या" म्हणणारे बाप माझ्याकडे यायचे. पोराच्या आधी बापालाच समजवायला लागायचं.

आता बॅच. इंग्रजीतला बॅज आमच्या लोकांनी कधीच बॅच करून टाकला, आता आर.टी.ओ.च्या रांगेतही बॅचच म्हणतात. रिक्षा, टॅक्सी, बस अशी प्रवाशांची गाडी चालवणाऱ्याला परवानगीबरोबर जो बिल्ला मिळतो तो हा. तुमच्यासारखा कॉलेजातून नुकता आलेला माणूस "तुमची बॅच आहे का?" असं रजिस्टरमधलं वाचून विचारतो, आणि समोरचा गंभीर चेहऱ्यानं सांगतो, "हो साहेब, अठ्ठ्याण्णवची. आमच्या बॅचचे सगळे सेटल झाले." माल वाहणाऱ्याला बॅचची गरजच नाही. तुमच्या फॉर्मवर तो रकाना असेल तर तो कुठल्यातरी बसवाल्या कंपनीच्या फॉर्मवरून उतरवलाय, खोडून टाका. त्या रकान्याचा उपयोग विनोदापलीकडे काही नाही.

शिक्षणावरचा विनोद जरा कडू आहे. ट्रान्सपोर्टच्या लायसनला आठवी पासची अट होती. गाडी हातात बसलेली, घाट तोंडपाठ, पण शाळा चौथीत सुटलेली, अशी कितीतरी माणसं त्या अटीपायी आयुष्यभर क्लीनर राहिली किंवा दाखल्याच्या भानगडीत पडली. २०१९ मध्ये अट गेली. टू-व्हीलरच्या टेस्टला आठचा आकडा काढावा लागतो, त्यावरून आमच्याकडचा एक जण म्हणायचा, "मी आठवी नाही, पण आठ पास आहे." अट गेल्यावर तो म्हणाला, "सरकारला आता कळलं, रिव्हर्स घ्यायला मराठीचं पुस्तक लागत नाही." माझं मत विचाराल तर अट गेली हे बरं झालं, पण ती गेली तेव्हा तिच्या जागी नीट शिकवणं यायला हवं होतं, ते सगळीकडे आलं नाही. ट्रान्सपोर्टच्या लायसनला मोटार ट्रेनिंग स्कूलचा फॉर्म फाइव्ह लागतो. तो फॉर्म मिळतो तिथं दर वेळी ट्रेनिंगही मिळतं असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. "फॉर्म फाइव्ह, गाडी झिरो" असं ड्रायव्हर म्हणतात ते उगाच नाही. तुमच्याकडे नवा माणूस आला तर कागद कितीही स्वच्छ असोत, यार्डात ट्रेलर मागे घ्यायला लावा. पाच मिनिटांत कळतं. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, आणि ज्यानं फक्त फॉर्म भरलाय तो पहिल्याच प्रयत्नात हॉर्स (पुढचा ओढणारा भाग) आणि ट्रेलर काटकोनात उभे करून तुमच्याकडे बघतो.

धोकादायक मालाचं प्रकरण स्वतंत्र आहे आणि त्यात विनोदही जास्त आहेत, कारण भीती जास्त आहे. हॅझार्डस ह्या शब्दाचं आमच्याकडे "हजारडस" झालं. "हजारडस काढलं का?" "काढलं. हजार गेले, डास राहिले." केमिकल, गॅस, पेट्रोल वाहणाऱ्याला तीन दिवसांचं ट्रेनिंग घेऊन लायसनवर तशी नोंद करून घ्यावी लागते. ही नोंद असलेलं लायसन पाच नाही, तीन वर्षांचं असतं. २०१९ च्या आधी एकाच वर्षाचं असायचं, तेव्हा टँकरवाल्यांना "वार्षिक परीक्षावाले" म्हणत. आठवीची अट गेली तरी इथं एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणं नियमात आहे. कारण सरळ आहे. टँकरच्या पाठीवर आणि बाजूला जो फलक असतो त्यावर मालाचा यू.एन. नंबर असतो. पेट्रोलचा १२०३, डिझेलचा १२०२, एल.पी.जी.चा १०७५. टँकर उलटला तर अग्निशामकवाला आधी तो नंबर वाचतो, मग पाणी मारायचं की फेस हे ठरवतो. ड्रायव्हरजवळ ट्रेम कार्ड असतं, त्यावर माल सांडला तर काय करायचं हे लिहिलेलं असतं.

उरणहून गॅस भरून येणाऱ्या एका टँकरवाल्याला धाब्यावर कोणीतरी विचारलं, "कुठं कामाला?" तो म्हणाला, "यू.एन.मध्ये. दहाशे पंच्याहत्तर नंबरला." समोरच्यानं हात जोडले. हाच माणूस ट्रेम कार्ड मात्र प्लॅस्टिकमध्ये घालून दाराच्या खिशात ठेवायचा, सीटखाली कधीच नाही, कारण उलटल्यावर सीटखालचं काही हाताला लागत नाही. तुमच्याकडून तळोजा, पाताळगंगा, कुरकुंभ असा माल जात असेल तर तीन गोष्टी गाडी सुटायच्या आधी बघा. लायसनवर नोंद आहे का, तिची तीन वर्षं संपली नाहीत ना, आणि फलकावरचा नंबर आज भरलेल्या मालाचाच आहे ना. मागच्या खेपेचा फलक तसाच ठेवून दुसरा माल भरणं हा प्रकार मी पाहिलाय. त्यावर मात्र कोणी विनोद करत नाही.

"पासिंग" हा शब्द तुम्हाला पहिल्या आठवड्यात वेड लावेल. "गाडी एम.एच. चौदा पासिंग आहे", म्हणजे पिंपरी-चिंचवडला नोंदलेली. "गाडी पासिंगला गेलीय", म्हणजे फिटनेसला. "गाडी किती पासिंग?", म्हणजे किती टन माल कायदेशीर भरता येतो. हे सगळं एकाच वाक्यात येऊ शकतं : "चौदा पासिंगची वीस पासिंगवाली गाडी पासिंगला गेलीय." तुम्ही वहीत लिहून घेताना तो तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतो. टनाचा आकडा विचारायचा तर तोंडी उत्तर घेऊ नका, आर.सी. बघा. २०१८ मध्ये एक्सल लोडची मर्यादा वाढली, दहा चाकीचं ग्रॉस वेट २५ टनांवरून २८.५ टन झालं. त्यामुळे जुन्या नोंदीची आणि नव्या नोंदीची सारखीच दिसणारी गाडी वेगळ्या वजनाला पास असू शकते.

ह्यालाच चिकटलेला माझा सर्वांत आवडता विनोद. ओव्हरलोड पकडला तर चलनाबरोबर ड्रायव्हरचं लायसन तीन महिने सस्पेंड होऊ शकतं. एक ड्रायव्हर घरी बसलेला दिसला. विचारलं, "काय झालं?" म्हणाला, "सस्पेन्शन गेलं." मी म्हटलं, "स्प्रिंगचे पाटे तुटले का?" म्हणाला, "पाटे शाबूत आहेत. मालकाचे. माझं गेलं." ओव्हरलोड भरतो लोडिंगवाला, भरायला सांगतो तुमच्यासारखा ऑफिसातला, आणि तीन महिने घरी बसतो तो ज्याला "काही होत नाही, चल" म्हणून पाठवलं. आठवड्यातून एकदा तरी तुमच्यासमोर हा प्रसंग येणार आहे. काट्यावरची पावती बघितल्याशिवाय गेटपासवर सही करू नका. मालक ओरडेल, ओरडू द्या.

"क्लास"वरचे विनोद साधे आहेत. फॉर्मवर क्लास ऑफ व्हेइकल विचारलं की "स्लीपर क्लास", "कोचिंग क्लास", असं काहीही येतं. पण यंत्रवाल्यांच्या कार्डावरची अक्षरं खरोखरच बघण्यासारखी असतात. जे.सी.बी.वाल्याच्या कार्डावर लोडर-एक्सकॅव्हेटरचं "एल.डी.आर.एक्स.सी.व्ही.", बोअरच्या गाडीवाल्याच्या कार्डावर "ब्रिग्स". आमच्याकडचा एक ऑपरेटर म्हणायचा, "माझं लायसन वाचता येतं का बघा, मग माझी टेस्ट घ्या." तुमच्या यार्डात फोर्कलिफ्ट असेल आणि ती गेटबाहेर रस्त्यावर येत असेल, तर ती चालवणाऱ्याच्या कार्डावर कोणती अक्षरं आहेत हे एकदा बघाच. बहुतेक ठिकाणी ह्याकडे कोणाचं लक्षच नसतं.

नागालँडच्या पाट्यांबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. एन.एल. नंबरचे ट्रक आपल्या महामार्गावर भरपूर दिसतात आणि त्यातल्या पुष्कळ ड्रायव्हरांनी कोहिमा नकाशावरही पाहिलेलं नसतं. कांद्याच्या पट्ट्यात त्या एन.एल.चा अर्थ लावलाय "नाशिक-लासलगाव". गाडीची नोंदणी एका राज्यात आणि ड्रायव्हरचं लायसन दुसऱ्या राज्यात, ह्यात बेकायदा काही नाही. लायसन देशभर चालतं. तुम्ही फक्त ते खरं आहे का हे साइटवर बघा.

आता "सारथी". लायसनच्या सरकारी प्रणालीचं नाव सारथी, गाड्यांच्या नोंदणीचं वाहन. नाव ज्यानं ठेवलं त्यानं आमच्या लोकांना जन्मभराचं खाद्य दिलं. सर्व्हर बसला की ठरलेला विषय निघतो : कृष्णाकडे कोणतं लायसन होतं? मागं एकदा रांगेत उभ्या असलेल्या चौघांनी ह्याचा रीतसर निकाल लावला. पहिला म्हणाला, चार घोडे, दोन माणसं, साडेसात टनाच्या आत, म्हणजे एल.एम.व्ही. दुसरा म्हणाला, पण सारथी म्हणजे धंदेवाईक ड्रायव्हर, टी.आर. लागणार. तिसऱ्यानं विचारलं, अर्जुन भाडं देत होता का? नाही ना? मग नॉन-ट्रान्सपोर्ट. पहिला म्हणाला, आणि वर ध्वजावर मारुती, म्हणजे ओ.डी.सी.ची परवानगी लागेल, माल ठरलेल्या मापाच्या बाहेर जातोय. इतका वेळ गप्प असलेला म्हातारा ड्रायव्हर शेवटी बोलला, "घोड्याच्या गाडीला लायसन लागत नाही. कायद्यात मोटार म्हणजे यंत्रावर चालणारी." रांगेतला एजंट त्या म्हाताऱ्याकडे बघतच राहिला.

त्या तिसऱ्याचा मुद्दा मात्र अर्धाच बरोबर होता, आणि तुमच्या कामात तो येईल. भाडं घेतलं नाही म्हणजे गाडी नॉन-ट्रान्सपोर्ट, हे माणसं नेणाऱ्या खासगी मोटारीला ठीक. मालवाहू गाडी स्वतःचा माल स्वतःच्या कारखान्यातून स्वतःच्या गोदामात नेत असली, एक रुपया भाडं नसलं, तरी ती ट्रान्सपोर्ट व्हेइकलच. "आपलाच माल आहे, टी.आर. कशाला" असं तुमचा मालक म्हणाला तर त्याला हे सांगा. साडेसातच्या वरच्या गाडीवर ट्रान्सपोर्टचं लायसन नसलेला माणूस बसवला तर केंद्राच्या कायद्यात ड्रायव्हरला ५,००० आणि बसवणाऱ्या मालकालाही ५,००० रुपये दंड आहे. आणि तो दंड ही त्यातली स्वस्त बाजू. अपघात झाला तर विम्याचं काय होतं ते वर सांगितलंच.

राहता राहिलं, तुमची चेष्टा. ती होणारच. तुमच्याकडे एल.एम.व्ही. असेल, एन.टी. तारीख असेल, तर तुम्ही त्यांच्या लेखी "प्रायव्हेट साहेब". त्याला उत्तर द्यायला जाऊ नका. येत्या सोमवारी रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा, फक्त टी.आर.च्या तारखेचा, लाल पेनानं. ज्यांची येत्या सहा महिन्यांत संपतेय त्यांना एकेकट्याला बोलावून सांगा, आणि मेडिकल-रिन्यूअलसाठी खेपेमधला एक दिवस भरपगारी सुट्टी मालकाकडून मंजूर करून घ्या. रिन्यूअल राहतं ते आळसापेक्षा जास्त त्या बुडणाऱ्या दिवसामुळे. दोघा-तिघांचं काम झालं की बाकीचे स्वतःहून कार्ड घेऊन तुमच्या टेबलाशी येतील, आणि येताना एखादा नवा विनोद घेऊन येतील. तो मात्र मला जरूर कळवा.